डांबराला प्रश्न कोणत्या तापमानाला विचारायचा?

रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या, कार्पेट सरकले किंवा पहिल्याच पावसात खडी उघडी पडली की एकच वाक्य ऐकू येते : डांबर खराब वापरले. रस्त्याच्या साहित्याच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर वारंवार पडते, आणि दर वेळी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की ते डांबर कोणत्या तापमानाला, किती वयाचे असताना आणि कोणत्या भाराखाली खराब ठरले? या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय डांबराला चांगले किंवा वाईट म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, आणि आपल्या निविदांमध्ये व चाचणी अहवालांमध्ये नेमक्या याच तीन गोष्टी धूसर राहतात, असे माझे मत आहे.

डांबर, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिटुमेन, हा पदार्थ तापमानाप्रमाणे आपला स्वभाव बदलतो. जानेवारीच्या पहाटे ते कडक असते, मे महिन्याच्या दुपारी मऊ पडते आणि हॉटमिक्स प्लांटमध्ये पातळ होऊन वाहू लागते. शिवाय भार किती वेळ टिकतो यावरही त्याचे वागणे ठरते : ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक रस्त्याच्या एका बिंदूवर क्षणभरच टेकतो, तर टोलनाक्याच्या रांगेत किंवा घाटाच्या चढावर रखडणारा तोच ट्रक त्याच बिंदूला कितीतरी वेळ दाबत राहतो, आणि डांबराच्या दृष्टीने हे दोन वेगळे रस्ते असतात. सिमेंट किंवा पोलादाची ताकद आपण एका आकड्यात सांगू शकतो. डांबराचे तसे होत नाही.

तरीही एका आकड्यावर काम भागवण्याची सवय जुनी आहे. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या बार्बर अ‍ॅस्फाल्ट कंपनीत एच. सी. बोवेन यांनी सुईच्या साह्याने डांबराचा मऊपणा मोजण्याचे उपकरण तयार केले आणि त्यातूनच पुढे पेनिट्रेशन चाचणी रूढ झाली. चाचणी दिसायला सोपी आहे. वाटीत ओतलेले डांबर आधी हवेत निवू द्यायचे, मग ते २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ते दीड तास ठेवायचे, आणि एकूण १०० ग्रॅम वजनाची सुई पृष्ठभागाला अगदी टेकवून ५ सेकंदांसाठी मोकळी सोडायची. सुई जितकी आत जाईल तितके दशांश मिलिमीटर म्हणजे पेनिट्रेशन. ६५ हा आकडा आला तर सुई साडेसहा मिलिमीटर रुतली. तीन ठिकाणी वाचन घ्यायचे, दोन ठिकाणांमध्ये आणि वाटीच्या कडेपासून किमान १० मिलिमीटर अंतर ठेवायचे, आणि प्रत्येक वेळी सुई स्वच्छ असली पाहिजे. सुईच्या टोकाचे प्रतिबिंब डांबराच्या काळ्या, चकचकीत पृष्ठभागात दिसते. खरे टोक आणि प्रतिबिंबातले टोक एकमेकांना भिडले की सुई टेकली असे समजायचे. यात हाताची सफाई लागते, आणि पाण्याचे तापमान थोडे जरी इकडेतिकडे झाले तरी आकडा बदलतो.

आपल्याकडे आयएस ७३ हे रस्त्याच्या डांबराचे मानक, आणि दीर्घकाळ त्यातली प्रतवारी याच सुईवर चालत असे. ८०/१०० आणि ६०/७० हे ग्रेड जुन्या पिढीतल्या अभियंत्यांच्या तोंडी अजूनही आहेत. अडचण अशी की २५ अंशांना सारखेच पेनिट्रेशन देणारी दोन डांबरे ६० अंशांना सारखी वागतीलच असे नाही. कच्चे तेल वेगळे, शुद्धीकरणाची पद्धत वेगळी, म्हणून तापमान वाढताना एक डांबर हळूहळू मऊ होते आणि दुसरे झपाट्याने. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या दुपारी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो, आणि चाकोऱ्या पडतात त्या याच तापमानाला. म्हणजे दुखणे ६० अंशांवर आणि तपासणी २५ अंशांवर, अशी ती व्यवस्था होती. अमेरिकेच्या ऑबर्न विद्यापीठातील राष्ट्रीय डांबर तंत्रज्ञान केंद्रात काम केलेले प्रा. पृथ्वीसिंह कांधल यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हा मुद्दा आपल्याकडे सातत्याने मांडला, आणि २००६ च्या सुधारित मानकात प्रतवारी व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे श्यानतेवर (वाहण्याला होणाऱ्या विरोधावर), आणली गेली. व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० ही नावे तिथून आली.

हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात प्रश्न योग्य तापमानाला विचारला गेला. ६० अंशांना निरपेक्ष व्हिस्कॉसिटी पॉइज या एककात मोजतात. काचेच्या बारीक केशनळीत गरम डांबर भरायचे, अडकलेले बुडबुडे निघून जावेत म्हणून नळी काही वेळ भट्टीत ठेवायची, मग ती ६० अंशांच्या द्रवात उभी करायची आणि ३०० मिलिमीटर पाऱ्याइतक्या निर्वाताने डांबर वर ओढायचे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चढायला लागलेले सेकंद गुणिले नळीचा स्थिरांक, ही झाली व्हिस्कॉसिटी. ही रेघ किती सावकाश वर सरकते हे स्वतः पाहिल्याशिवाय व्हीजी-३० आणि व्हीजी-४० यांतला फरक मनावर ठसत नाही. दुसरी मोजणी १३५ अंशांना होते आणि ती मिश्रण करताना व अंथरताना डांबर कसे वागेल हे सांगते. पेनिट्रेशन चाचणी रद्द झाली नाही. व्हीजी-३० साठी किमान ४५ आणि व्हीजी-४० साठी किमान ३५ अशी अट राहिली, म्हणजे रोजच्या मध्यम तापमानाला डांबर अतिकडक होऊ नये याची राखण ती करते.

आता या मानकातली एक जागा अशी आहे की जिच्याकडे निविदा लिहिणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे. २०१३ च्या आवृत्तीत ६० अंशांच्या व्हिस्कॉसिटीला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा आहेत : व्हीजी-३० साठी २४०० ते ३६०० पॉइज आणि व्हीजी-४० साठी ३२०० ते ४८०० पॉइज. आकडे पाहिले की लगेच लक्षात येते, की ३२०० ते ३६०० हा पट्टा दोन्ही ग्रेडमध्ये सामाईक आहे. ३३०० पॉइजचे एकच डांबर एका चलनावर व्हीजी-३० म्हणून आणि दुसऱ्या चलनावर व्हीजी-४० म्हणून आले, तरी निदान या कसोटीपुरते दोन्ही अहवाल उत्तीर्णच दिसतील. जड वाहतुकीच्या रस्त्यासाठी व्हीजी-४० ची शिफारस करणाऱ्या अभियंत्याच्या मनात मात्र व्हीजी-३० पेक्षा स्पष्टपणे अधिक घट्ट डांबर असते, आणि रस्त्याच्या थरांची जाडी ठरवताना मिश्रणाचा जो मापांक (भाराखाली ते किती ताठ राहते याचे माप) त्याने गृहीत धरला असतो तो त्या घट्टपणावर अवलंबून असतो. इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी ३७ या डांबरी रस्त्यांच्या रचनेच्या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत ही फट ओळखली आणि व्हीजी-४० म्हणून वापरायच्या डांबराची व्हिस्कॉसिटी ६० अंशांना किमान ३६०० पॉइज असावी असे सुचवले. निविदेत नुसते ‘व्हीजी-४०, आयएस ७३ प्रमाणे’ असे लिहिले तर ही शिफारस कागदावरच राहते. तो एक आकडा निविदेत वेगळा लिहावा लागतो. लिहायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ नसेल तर पुरवठादाराला पुढे दोष देता येत नाही, कारण त्याने मागितलेलेच दिलेले असते.

ग्रेड निवडीच्या तक्त्याबद्दलही असेच बोलावे लागेल. आयएस ७३ मध्ये सलग सात दिवसांच्या सरासरी कमाल हवेच्या तापमानावरून ग्रेड सुचवला आहे : ३० अंशांपेक्षा कमी असल्यास व्हीजी-१०, ३० ते ३८ असल्यास व्हीजी-२०, ३८ ते ४५ असल्यास व्हीजी-३० आणि त्यावर व्हीजी-४०. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्याला हा तक्ता बऱ्यापैकी लागू पडतो. पण कोकण किनाऱ्यावर कमाल तापमान बहुतेक वेळा तिशीच्या मध्यावर राहते, म्हणून नुसता तक्ता पाहिला तर मुंबईच्या बंदराकडे जाणाऱ्या, दिवसरात्र कंटेनर वाहणाऱ्या रस्त्यालाही व्हीजी-२० पुरेसे वाटेल. अनुभवी अभियंता असे करत नाही, कारण तक्त्यात हवा आहे आणि वाहतूक नाही हे त्याला माहीत असते. मात्र मानकाचे काम अनुभवी माणसावर सोपवून चालत नाही. वाहतुकीचा भार आणि वेग हे दोन्ही निवडीत उघडपणे आले पाहिजेत.

अमेरिकेत हा विचार पद्धतशीरपणे झाला तो १९८७ ते १९९३ या काळात चाललेल्या स्ट्रॅटेजिक हायवे रिसर्च प्रोग्रॅममध्ये. त्यातून परफॉर्मन्स ग्रेड, म्हणजे पीजी, ही प्रतवारी निघाली. तिच्यामागची कल्पना मला अतिशय सरळ आणि प्रामाणिक वाटते : चाचणीची मर्यादा सगळीकडे एकच ठेवायची आणि तापमान बदलत न्यायचे. ताज्या डांबराने ठरावीक ताठपणा ज्या तापमानापर्यंत टिकवला, ते तापमान हेच त्याच्या ग्रेडचे नाव. पीजी ७०-१० याचा अर्थ असा, की हे डांबर रस्त्याच्या ७० अंशांच्या उष्णतेपर्यंत आणि उणे १० अंशांच्या थंडीपर्यंत काम देईल. ग्रेडच्या नावातच हवामान आल्यामुळे निविदा लिहिणाऱ्याला आधी आपल्या रस्त्याचे तापमान काढावेच लागते.

यासाठीचे मुख्य उपकरण म्हणजे डायनॅमिक शीअर ऱ्हिओमीटर. २५ मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्यांमध्ये डांबराची १ मिलिमीटर जाडीची टिकली धरायची आणि वरची चकती महामार्गावरच्या वेगवान वाहतुकीशी जुळेल अशा गतीने मागेपुढे फिरवायची. डांबर किती विरोध करते आणि तो विरोध किती उशिराने देते, या दोन गोष्टींवरून त्यातला लवचीक भाग आणि वाहून जाणारा भाग वेगळा मोजता येतो. चाकोरीच्या विरोधासाठी या दोन्हींवरून काढलेला आकडा ताज्या डांबरात किमान १ किलोपास्कल आणि भट्टीत जुने केलेल्या डांबरात किमान २.२ किलोपास्कल असावा लागतो. केशनळीला जे दिसत नाही ते इथे दिसते, कारण नळीत डांबर फक्त वाहते. ते परत मूळ जागी येण्याचा किती प्रयत्न करते हे नळीला कळत नाही.

पॉलिमर मिसळलेल्या डांबराच्या बाबतीत हाच फरक निर्णायक ठरतो. त्याच्यासाठी पीजीची पहिली कसोटीसुद्धा अपुरी ठरली, कारण ताठपणाचा तो आकडा फार लहान विकृतीवर मोजलेला असतो आणि पॉलिमरचे जाळे खरे कामाला लागते ते मोठ्या ताणाखाली. म्हणून पुढे एमएससीआर ही चाचणी आली. तीत १ सेकंद ताण द्यायचा, ९ सेकंद विश्रांती द्यायची, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा करून शेवटी किती विकृती कायमची राहिली ते मोजायचे. ३.२ किलोपास्कलच्या ताणाखाली उरलेल्या या विकृतीवरून डांबर साधारण, जड, अतिजड की पराकोटीच्या वाहतुकीला योग्य हे ठरते. साधारण वाहतुकीला कमाल मर्यादा ४.५ प्रति किलोपास्कल, तर पराकोटीच्या वाहतुकीला फक्त ०.५, आणि तीही त्याच तापमानाला. वाहतूक जड म्हणून कृत्रिमरीत्या अधिक तापमानाचा ग्रेड मागण्याची जुनी पद्धत त्यामुळे मागे पडली. ताण दिल्यावर मागे येणारा आणि पुन्हा ताणला जाणारा तो आलेख पडद्यावर पाहताना साधे डांबर आणि चांगले पॉलिमर डांबर यांतला फरक कोणालाही समजतो : एकाची रेघ पायऱ्यांसारखी वरच चढत जाते, दुसऱ्याची प्रत्येक पायरीनंतर बरीचशी खाली येते. आपल्याकडे आयएस १५४६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत पॉलिमर डांबराचे ग्रेड पीएमबी ६४-१०, ७०-१०, ७६-१० असे तापमानाच्या भाषेत आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. साध्या डांबरासाठी मात्र आपण अजून व्हिस्कॉसिटीवर आहोत.

वयाचा प्रश्न मला सर्वांत कळकळीने मांडावासा वाटतो. टँकरमधून आलेले डांबर रस्त्यावर कधीच त्याच अवस्थेत नसते. प्लांटमध्ये तापलेल्या खडीवर त्याचा पातळ थर बसतो, हवा लागते, हलके घटक उडून जातात आणि त्या मिनिटभरात ते जितके म्हातारे होते तितके पुढे रस्त्यावर व्हायला काही वर्षे लागतात. प्रयोगशाळेत याची नक्कल करण्यासाठी आठ बाटल्यांत प्रत्येकी ३५ ग्रॅम डांबर घेऊन त्या १६३ अंशांच्या भट्टीत ८५ मिनिटे फिरवतात आणि प्रत्येक फेरीत त्यांच्या तोंडाशी गरम हवेचा झोत येतो. आयएस ७३ नुसार या चाचणीनंतरची व्हिस्कॉसिटी मूळच्या चौपटीपेक्षा जास्त असू नये. पुढच्या अनेक वर्षांच्या वार्धक्यासाठी पीजी पद्धतीत हेच डांबर पुन्हा २० तास २.१ मेगापास्कल दाबाखाली ठेवतात आणि मग ते तडे जाण्याइतके ठिसूळ झाले का हे तपासतात.

पण भट्टी १६३ अंशांवर असते. प्रत्यक्ष प्लांट तितकाच असेल याची हमी कोण देणार? रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशात व्हीजी-३० च्या मिश्रणाचे तापमान १५० ते १६५ अंश दिले आहे. वाहतुकीचे अंतर लांब असेल, पहाटेचा गारठा असेल, तर माल थंड पडू नये म्हणून बर्नर वाढवला जातो, आणि पिवळसर निळा धूर निघू लागला की समजावे, डांबराचे आयुष्य तिथेच कमी झाले. अशा रस्त्याच्या कागदपत्रांत शुद्धीकरण कारखान्याचे प्रमाणपत्र निर्दोष असते, टँकरच्या नमुन्याचा अहवालही निर्दोष असतो, आणि दोन वर्षांत पृष्ठभागावर जाळीदार तडे येतात. आपण कामावर रोज मिश्रणातले डांबर विद्रावकाने वेगळे करतो, पण ते किती टक्के आहे एवढेच पाहतो. तेच डांबर विद्रावकातून परत मिळवून त्याची ६० अंशांची व्हिस्कॉसिटी मोजली, तर प्लांटने त्याचे काय केले हे त्याच आठवड्यात कळेल. ही पद्धत नवी नाही, उपकरणेही दुर्मीळ नाहीत. मोठ्या कामांत ठरावीक टनांमागे एकदा तरी ही चाचणी निविदेने मागावी, असे मी ज्यांच्याशी बोलणे होते त्या प्रत्येक अभियंत्याला सांगत असतो.

नमुना घेण्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण चुकीच्या नमुन्यावरची अचूक चाचणी निरुपयोगी असते. टँकरची तोटी उघडल्यावर आधी थोडे डांबर वाहू द्यावे आणि मगच नमुना घ्यावा. नाहीतर तोटीत आणि पाइपात साचलेला जुना, कडक झालेला किंवा आधीच्या फेरीतला दुसराच माल डब्यात येतो. डबा कोरडा आणि स्वच्छ असावा, त्यावर तिथल्या तिथे सील आणि दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात. आणि एकच नमुना पुन्हा पुन्हा तापवू नये, कारण प्रत्येक तापवण्यात तो थोडा कडक होतो आणि मऊ डांबरही घट्ट भासू लागते. टँकरमध्ये आधी डिझेल किंवा भट्टीचे तेल असेल तर त्याचा अंश डांबरात उतरतो. अशा वेळी फ्लॅश पॉइंट, म्हणजे डांबराची वाफ ज्योतीने पेट घेते ते तापमान, जे किमान २२० अंश असले पाहिजे, ते खाली घसरते आणि भेसळ पकडून देते. फ्लॅश पॉइंटची नोंद अनेक अहवालांत केवळ औपचारिकता म्हणून पाहिली जाते, पण इतक्या थोड्या वेळात इतकी खात्रीची माहिती देणारी चाचणी दुसरी क्वचितच सापडेल.

इथवर सांगितलेल्या एकाही चाचणीत खडी नाही आणि पाणी नाही, हेही विसरता येणार नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेला रस्ता निकामी होतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे : धुळीने माखलेल्या किंवा ओलसर खडीला डांबर नीट चिकटत नाही आणि चाकांखाली दाबले जाणारे पाणी ते सोलून काढते. त्यासाठी मिश्रणाचे ओले-कोरडे ताण-सामर्थ्य प्रमाण, म्हणजे ओल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किती टक्के उरते ते, तपासावे लागते, जे किमान ८० टक्के असावे, आणि गरज असल्यास चुन्याची भुकटी किंवा आसंजक (चिकटपणा वाढवणारे) द्रव्य वापरावे लागते. टिकाऊ रस्ता म्हणून पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण तो रस्ता १९७० च्या दशकात झाला तेव्हा आपल्याकडे व्हिस्कॉसिटी ग्रेड नव्हते, डांबराची प्रतवारी सुईवरच होत होती. त्याच्या टिकाऊपणाचे श्रेय मिश्रणाची काळजी, दाबाई आणि पाण्याचा निचरा यांना द्यावे लागते. पोकळ्या जास्त राहिलेल्या थरात उत्तम डांबरही लवकर म्हातारे होते, कारण हवा आणि पाणी आतपर्यंत पोहोचतात.

म्हणून नव्या रस्त्याच्या निविदेत डांबराचे कलम लिहिताना मी ग्रेडच्या नावावर थांबत नाही. रस्त्याच्या त्या पट्ट्यातले उन्हाळ्याचे सर्वोच्च तापमान, वाहतुकीचा भार आणि तिचा वेग आधी लिहून काढतो. घाट, टोलनाका, बसथांबे आणि सिग्नलचे चौक यांसाठी उर्वरित रस्त्यापेक्षा वेगळे, अधिक कणखर डांबर मागतो. व्हीजी-४० असेल तर ३६०० पॉइजची अट घालतो आणि पॉलिमर डांबर असेल तर एमएससीआरचा निकाल मागतो. आणि प्रत्येक टँकरचा एक सीलबंद नमुना दोषदायित्वाचा कालावधी (ज्या काळात दोष दुरुस्त करून देण्यास ठेकेदार बांधील असतो तो) संपेपर्यंत विभागाच्या ताब्यात राहील अशी तरतूद करतो. तडे किंवा चाकोऱ्या तिसऱ्या वर्षी दिसल्या तर तो डबा उघडता येतो, त्याच डांबराची चाचणी करता येते आणि रस्त्यातून काढलेल्या डांबराशी तिची तुलना करून दोष टँकरमध्ये होता, प्लांटमध्ये होता की रोलरखाली, हे पुराव्यानिशी ठरवता येते.